जुन्या पबच्या तुळया जहाजांच्या नव्हेत
इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याची, गवताने शाकारलेली जुनी घरे, विशेषतः पूर्वी पब असलेली, मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून उभारली, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पुरावा म्हणून वाकडी तुळई आणि तिच्यातील रिकामी खाच दाखवली जाते. वास्तविक सुतार सहसा ओकचे ताजे, ओले लाकूड वापरीत, कारण वाळलेला ओक तासणे फार कष्टाचे असते. ते लाकूड घरातच वाळत वाकले. रिकामी खाच बहुधा आधीच्या इमारतीची किंवा काढलेल्या भिंतीची असते. सांध्यांजवळ कोरलेले रोमन आकडे जवळून पाहावेत: आधी जुळवून पाहिलेला सांगाडा जागेवर तसाच उभा राहावा म्हणून सुतारांनी केलेल्या त्या खुणा आहेत, आणि जहाजाच्या कथेने त्यांचेच श्रेय हिरावले जाते. लंडनमधील लिबर्टी या दुकानाची १९२४ची इमारत मात्र खरोखरच दोन युद्धनौकांच्या लाकडाची आहे.