ट्यूबलाइटची खरखर

पेटलेल्या ट्यूबलाइटला हात लावा, कोमट लागते. आत धावणारे इलेक्ट्रॉन मात्र ११,००० केल्विनच्या आसपास तापलेले असतात, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट! ते इतके विरळ आणि हलके असतात की हात भाजत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या मम्फर्ड यांनी दाखवून दिलं की अशी ट्यूब मायक्रोवेव्ह लहरींच्या पट्ट्यात सतत, एकसारखी खरखर करते, आणि त्या खरखरीचा जोर इलेक्ट्रॉनचं तापमान सांगतो. गोंगाट म्हणजे बिघाड असं आपण धरून चालतो. इथे तोच थर्मामीटर झाला.

आता चुंबक आणू. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन रिंगण धरतात. गंमत अशी, की वेगवान इलेक्ट्रॉन मोठं रिंगण घेतो, संथ इलेक्ट्रॉन छोटं, पण फेरी दोघांचीही एकाच वेळात पुरी होते. १ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं माप) क्षेत्रात सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. त्या वारंवारतेला खरखरीला उंच शिखर येतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर सोपं होतं. १९६२ मध्ये लांडाउअर या संशोधकांना या वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशी चाळीसहून अधिक शिखरं दिसली. प्रकाशापेक्षा खूप संथ फिरणाऱ्या एकट्या इलेक्ट्रॉनने जवळपास एकच सूर लावायला हवा. मग हे बाकीचे सूर आले कुठून? उत्तराची किल्ली बर्नस्टाइन या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९५८ च्या गणितात होती. प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या अशा वायूत, विद्युतभाराच्या दाटी-विरळीच्या लहरी उठतात आणि त्यांची लांबी रिंगणाएवढीच असू शकते. मग एका फेरीत इलेक्ट्रॉनला लहरीचे चढउतार अनेकदा लागतात, धक्के असमान बसतात आणि पटींचे सूर बळावतात. या 'बर्नस्टाइन लहरी' थेट बाहेर पडू शकत नाहीत. घनता आणि चुंबक यांचा मेळ जमतो त्या 'अप्पर हायब्रिड' थराजवळ त्यांचं रूप पालटतं, तेव्हाच अँटेनाला त्या ऐकू येतात.

'कृत्रिम सूर्य' म्हणून बातम्यांत गाजणाऱ्या टोकामॅकमध्ये, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकाने कोंडून ठेवणाऱ्या यंत्रात, या खरखरीचा रोजचा उपयोग आहे. मेदुवड्यासारख्या त्या पात्रात भोकाकडे चुंबक जोरदार, बाहेर क्षीण. त्यामुळे प्रत्येक जागेचा सूर वेगळा. रिसीव्हरची वारंवारता बदलत गेलं की जागोजागचं तापमान मिळतं. उलट दिशेनं, म्हणजे बाहेरून त्याच सुराच्या लहरी सोडून, प्लाझ्मा गरमही करता येतो: गांधीनगरजवळच्या एसएसटी-१ या टोकामॅकसाठी ४२ गिगाहर्ट्झचा स्रोत आहे, २८ ला १.५ टेस्लाने गुणा.

प्लाझ्मा फार दाट आणि चुंबक दुबळा असेल, तर नेहमीचे सूर आतच अडतात. इंग्लंडच्या 'मास्ट' या टोकामॅकमध्ये तसं होई. तिथे संशोधकांनी कान लावला तो बर्नस्टाइन लहरींनाच.