मोजलेला प्रकाश आणि अंदाजाचा रंग

दिवाळी उलटली की बडोद्यातल्या पक्षीवेड्यांची पावलं डभोईजवळच्या वढवाणा तळ्याकडे वळतात. सयाजीराव गायकवाडांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा जलाशय २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (बार-हेडेड गूज, एक रानहंस) इथे हिवाळा काढतात आणि त्यांचे फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. फोटो जरा चांगला असला की विचारणा ठरलेली: ‘एडिट केलाय का?’ विचारण्यात संशय असतो. संशय घ्यावाच, पण नेमका कशाचा घ्यावा हे कळायला कॅमेऱ्याच्या पोटात शिरावं लागतं.

प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरच्या पिक्सेलला, म्हणजे त्यावरच्या एकेका बारीक ठिपक्याला, उजेड किती पडला एवढंच कळतं, रंग कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या प्रकाशात जास्त टिपता येतात म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. आता हिशेब बघा. २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे २.४ कोटी पिक्सेलांच्या रंगीत फोटोला प्रत्येकी तीन रंगांचे मिळून ७.२ कोटी आकडे लागतात आणि सेन्सरने मोजलेले असतात २.४ कोटी. उरलेले ४.८ कोटी शेजारच्या पिक्सेलांवरून काढलेला अंदाज असतो. म्हणजे कुणीही हात न लावलेल्या फोटोतसुद्धा दोन तृतीयांश रंग हिशेबानेच आलेला असतो.

मोजलेल्या आकड्यांची मूळ फाइल म्हणजे रॉ. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपीईजीत (कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या नेहमीच्या आटोपशीर फाइलीत) प्रत्येक रंगाला २५६. हा फरक पट्टकादंबाच्या डोक्यावर फार छान दिसतो. डोकं पांढरंशुभ्र, मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाच क्षणाच्या दोन्ही फाइली उघडून बघितल्या. जेपीईजीत पट्ट्यांमधला पांढरा भाग सपाट होता. उजळ भाग खाली ओढला तर तो करडा झाला, एवढंच. रॉमध्ये तोच स्लायडर ओढला आणि पिसांच्या कडा वर आल्या, मानेकडे उतरणारी पिवळसर झाकसुद्धा. मात्र त्याच थव्यात उन्हाला सामोरा बसलेला एक पक्षी होता. त्याच्या कपाळावर तिन्ही रंग वरच्या टोकाला टेकले होते. तिथे कितीही ओढाताण केली तरी काही निघालं नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलं नव्हतं. तिन्हींपैकी एखादा रंग शाबूत असता तर सॉफ्टवेअरने त्याच्या आधाराने बाकीचे जुळवले असते.

अंधाऱ्या भागाचं गणित उलटं आहे. सेन्सर उजेड सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे १६,३८४ पैकी निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपलाच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जातात, पुढच्याला ४,०९६, असं करत दहाव्या स्टॉपला उरतात जेमतेम १६. शिवाय प्रकाश कणाकणाने येतो. अंगणात ठेवलेल्या दोन वाट्यांत भुरभुर पावसाचे थेंब कधी सारखे पडत नाहीत, तसंच इथे. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडत असतील तर १० चा, म्हणजे १० टक्के. सावलीतला पक्षी उजळ केला की दिसणारे रवाळ ठिपके बरेचसे इथून येतात. महागडा कॅमेरा घेतला तरी हा भाग टळत नाही, प्रकाशाचा स्वभावच तो.

प्रवासातल्या फोटोंचं दुखणं वेगळं, धुरकटपणा. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या चांपानेर-पावागडला हिवाळी सकाळी गेलं तर मशिदींच्या मिनारांमागचा डोंगर पांढुरका दिसतो. यावरची एक देखणी युक्ती २००९ मध्ये संगणक-संशोधक काइमिंग हे (Kaiming He) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. स्वच्छ हवेतल्या फोटोचा आकाश सोडून कुठलाही छोटा तुकडा घ्या, त्यात बहुतेकदा कुठे ना कुठे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक रंग जवळजवळ शून्य असतो. धुकं त्यात पांढरा उजेड मिसळतं आणि तो शून्य वर चढतो. किती चढला यावरून धुकं किती ते काढायचं आणि वजा करायचं! पावागडच्या कड्यांवर असा धुरकटपणा काढणं शोभतं. पांढऱ्या पक्ष्यांच्या थव्यावर मात्र या युक्तीची फसगत होऊ शकते. पांढरी पिसंच तिला धुकं वाटतात.

इथपर्यंतचे सगळे अंदाज त्याच फोटोतल्या मोजमापावर उभे आहेत. एआय डिनॉइज (रवाळ ठिपके पुसणारी) किंवा फोटो मोठा करणारी एआय साधनं याच्या पलीकडे जातात. ती असंख्य दुसऱ्या फोटोंवर शिकलेली असतात आणि मोकळ्या जागी तिथे बहुधा काय असेल ते भरतात. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या काठावर संधिप्रकाशात काढलेल्या मगरीच्या फोटोवर असा प्रयोग केला. लहान आकारात फोटो सुरेख. २०० टक्के मोठा करून पाठीकडे बघितलं, तर मूळ फाइलमध्ये जिथे नुसता करडा गोंधळ होता तिथे नीटनेटक्या रांगेत खवले आले होते. अभ्यासक मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांच्या मांडणीवरून ती मगर नेमकी कोणती हे ओळखतात. भिंतीवर लावायच्या फोटोत हे चालेल. नोंदीत ही न मोजलेली मगर शिरली तर ती ओळख चुकवेल, आणि चूक झाल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही. याची मला खरोखर काळजी वाटते.

फेरफार एआयच्या आधीपासून होतेच. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले होते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’सारख्या स्पर्धा अंतिम टप्प्यात मूळ रॉ फाइल मागतात, फेरफार झालाय का ते तपासण्यासाठीच.

डार्कटेबल मूळ रॉला धक्का लावत नाही. केलेले बदल क्रमाने शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहिले जातात. मगरीचा किंवा दुर्मीळ पक्ष्याचा फोटो अभ्यासकाला पाठवताना रॉ आणि एक्सएमपी दोन्ही जोडून द्याव्यात. मग समोरच्याला एकेक पायरी बंद करून कॅमेऱ्याने खरोखर काय मोजलं होतं ते स्वतः बघता येतं.