उपासमारीच्या संकटात अन्नवाटपाचं काम हवंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

डब्ल्यूएफपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम, घरोघरी धान्य पोचवायला स्वतः क्वचितच जातो. धान्य गोदामात उतरलं की पुढची नोंदणी, रांगा आणि वाटप बहुतेक ठिकाणी सहयोगी संस्थांच्या हातात असतं. सहयोगी होऊ पाहणाऱ्या संस्थांचे अर्ज भरताना मी अनेकदा शेजारी बसलो आहे. ज्यांच्याकडे माणसं आहेत, गाड्या आहेत, वस्तीत ओळख आहे, त्यांचेच अर्ज परत येताना पाहिलेत. कारण बहुतेक वेळा एकच, कागद.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो. संस्था नोंदणीकृत आणि ना-नफा हवी. वाहतूकदार, व्यापारी, कंपन्या यांनी या वाटेला येऊच नये, त्यांच्यासाठी पुरवठादार म्हणून नोंदणीची वेगळी प्रक्रिया आहे. संस्थांनी यूएन पार्टनर पोर्टलवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सहयोगी संस्थांसाठीच्या संकेतस्थळावर, खातं उघडायचं, संस्थेची माहिती भरायची, नोंदणीपत्र जोडायचं. कुठल्याही टप्प्यावर फी नाही. ‘आतली ओळख आहे’ म्हणत कोणी पैसे मागितले, तर तो दलाल समजा आणि उठून या.

आता अडणाऱ्या गोष्टी.

पहिली, नावं. नोंदणीपत्रावर संस्थेचं पूर्ण नाव, बँक खात्यावर त्याचंच लघुरूप, लेटरहेडवर तिसरंच काहीतरी. आपल्याला ही एकच संस्था वाटते, तपासणाऱ्याला तीन दिसतात. पदाधिकाऱ्यांची नावं सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीशी ताडून पाहतात. तिथे नुसती आद्याक्षरं दिलीत तर खुलासे देत बसाल. ओळखपत्रावर आहे तसंच पूर्ण नाव लिहा.

दुसरी, कोणाकडेच नसलेला कागद: लैंगिक शोषण आणि अत्याचार रोखण्याचं लेखी धोरण, ज्याला सगळे पीएसईए म्हणतात. भुकेल्या बाईचं नाव यादीत घालायचं की नाही हे ज्याच्या हातात असतं, तो काय मागू शकतो, हे सांगायला नको. म्हणून हा कागद मागतात, आणि तो मागायलाच हवा. पण लोक काय करतात? दुसऱ्या संस्थेचं धोरण उतरवून घेतात. एकदा नऊ पानी धोरण माझ्यासमोर आलं. पहिल्या पानावर नाव यांचं, सहाव्या पानावर तक्रारीचा फोन नंबर मूळ संस्थेचा! दोन पानांचं लिहा, पण स्वतःचं लिहा. तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती वाटप करणाऱ्यांपैकी नाही ना, आणि नव्या माणसाला कामावर घेताना काय तपासता, एवढं तरी त्यात असू द्या.

याच विषयावर ८ निकषांची स्व-तपासणी असते. तिथे आठच्या आठ ठिकाणी ‘होय’ म्हणायचा मोह आवरा, कारण प्रत्येक ‘होय’ला पुरावा जोडावा लागतो. गुण कमी पडले म्हणून दार बंद होत नाही, सुधारणेचा आराखडा मिळतो. खोटं ‘होय’ मात्र महागात पडतं.

तिसरी गोष्ट तारखांची. पोर्टलवर अर्ज मागवणाऱ्या एका जाहिरातीत अनेक तारखा असतात: शंका विचारण्याची शेवटची, अर्जाची शेवटची, निकालाची, काम सुरू होण्याची. लोक फक्त अर्जाची तारीख वहीत लिहितात आणि शंका तिच्या आदल्या दिवशी पाठवतात. उत्तर येत नाही. मग ‘कोणी दाद देत नाही’ म्हणून चिडतात. चिडण्यासारखं आहेच, चार तारखा एका जागी ठळक छापायला काय जातं? पण नियम तोच आहे, तेव्हा शंकांची तारीख आधी शोधा.

चौथी, हिशेब. ‘वाहतूक खर्च’ अशी एकच ठोक रक्कम लिहिली की तांत्रिक गुण गेले. स्फिअर मानकांप्रमाणे, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांप्रमाणे, नियोजनासाठी माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरतात. धान्य, डाळ, तेल, पोषक पीठ, साखर, मीठ मिळून हा शिधा साधारण ५५० ग्रॅम भरतो. पाच माणसांच्या घराला महिन्याचे साडेब्याऐंशी किलो, म्हणजे १,००० घरांना साडेब्याऐंशी टन. दहा टनी ट्रकच्या नऊ फेऱ्या. हे अर्जात मांडा. आणि एकटी म्हातारी हे ओझं घरी कसं नेणार, तेही लिहा. हमाल देणार, की महिन्याचा शिधा दोनदा देणार? हे बऱ्याच अर्जांत नसतंच.

अन्नसुरक्षा क्लस्टरच्या, म्हणजे अन्नमदत करणाऱ्या संस्थांच्या समन्वय गटाच्या, बैठकीला मात्र पोर्टलची वाट न पाहता जा. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) आणि डब्ल्यूएफपी मिळून हा गट चालवतात, आणि तिथे बसायला करार लागत नाही. कोण, काय, कुठे, कधी आणि कोणासाठी करतंय याचा तक्ता तिथे मिळतो. एका वस्तीत तिघे वाटताहेत आणि पलीकडच्या वस्तीत कोणीच नाही, हे त्यातच दिसतं. ती पलीकडची वस्ती अर्जात घ्या.

एक कळकळीची विनंती. करारावर सह्या होईपर्यंत वस्तीत जाऊन नावं लिहून घेऊ नका. घरांचा अंदाज क्लस्टरच्या आकड्यांवरून बांधता येतो. वही उघडली की लोकांना वाटतं धान्य आलंच. आठवड्याने ते तुमच्या दारात उभे राहतात, आणि तुमचा अर्ज अजून ‘विचाराधीन’ असतो.