बर्फ, फॉर्मलिन आणि ‘ताजी’ मासळी : पार्श्वभूमी

गोव्यात आणि सिंधुदुर्गात ‘बर्फातली मासळी’ हे शब्द आजही काहीशा नापसंतीनेच उच्चारले जातात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढली की मासळी थोड्याच वेळात टोपल्यांतून दारोदार पोहोचत असे. बांगडा डोक्याकडून आडवा धरला असता शेपटी न झुकता ताठ राहिली आणि कल्ले उघडल्यावर आत लालभडक दिसले, की गिऱ्हाइकाची खात्री पटे. उरलेली मासळी मीठ आणि ऊन यांच्या हवाली होई. बोंबलाच्या अंगात सुमारे ९० टक्के पाणीच असल्याने तो सर्वांत आधी वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवावर, चढे.

अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मुंबईला आला. परंतु तो साहेबांच्या पेल्यांसाठी होता, कोळणीच्या पाटीसाठी नव्हे. मासळीला बर्फाची खरी गरज भासू लागली ती स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसल्यावर. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी होडी आठ-आठ दिवस समुद्रात राहू लागली आणि खणात बर्फ भरल्याशिवाय बंदर सोडणे अशक्य झाले. परिणामी एकाच होडीतून उतरणाऱ्या मासळीत पहिल्या दिवसाची आणि शेवटच्या दिवसाची, अशी दोन्ही असते, आणि लिलावात दोन्हींना ‘ताजी’ हेच विशेषण लागते.

बर्फाबद्दलचा आकस शास्त्राला मात्र धरून नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो, आणि वितळलेले थंड पाणी मासळीवरचा बुळबुळीतपणा व त्यातले जीवाणू धुऊन नेते. म्हणूनच लादी बारीक फोडून बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फाचा थर अशी रचना करावी लागते, पाण्याला खालून वाट ठेवावी लागते, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत किलोला किलो असे प्रमाण धरावे लागते. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत तर हयगय चालतच नाही, कारण ते उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन हे बाधणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. लांबच्या वाहतुकीत बर्फ हा मोठा खर्च असतो. बर्फात कपात करून, मासळी टिकवण्यासाठी फॉर्मलिनसारख्या रसायनाचा आधार घेण्याचा मोह तिथेच निर्माण होतो.

जुलै २०१८ मधील मडगावचे प्रकरण या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पावसाळी मासेमारीबंदी चालू असल्याने बाजार परराज्यांतून येणाऱ्या ट्रकांवर अवलंबून होता. १२ जुलैला पहाटे घाऊक बाजारात झटपट चाचणी झाली आणि काही नमुन्यांत फॉर्मलिन असल्याचे सांगण्यात आले. त्याच दिवशी नंतर, आढळलेले प्रमाण ‘अनुमत मर्यादेत’ असल्याचा खुलासा झाला. सगळा गुंता या दोन शब्दांत आहे. फॉर्मलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. मासळीत ते मिसळण्यास कायद्याने मुळीच परवानगी नाही, तेव्हा त्याला मर्यादा कसली, असा लोकांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. दुसऱ्या बाजूला, समुद्री मासळीच्या अंगातील एका नैसर्गिक द्रव्याचे विघटन होताना थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते, आणि बोंबलात तर ते पुष्कळच आढळते, हेही तितकेच खरे आहे. खुलासा करताना मिसळलेले आणि मुळात असलेले यांतला हा भेद नीट उलगडून सांगितला गेला नाही, आणि एकदा संशय बसल्यावर कोणत्याच अहवालावर कोणी विश्वास ठेवीना. पुढे देशपातळीवर, निसर्गतः असणाऱ्या फॉर्माल्डिहाइडसाठी मासळीच्या प्रकारांनुसार वेगवेगळ्या मर्यादा ठरवण्यात आल्या. त्या आधी असत्या तर पहाटेचा आणि नंतरचा निष्कर्ष शेजारी ठेवून वाचता आले असते.

१८ जुलैपासून परराज्यांतील मासळीच्या आयातीवर बंदी आली. हा निर्णय तपासणीच्या तर्कापेक्षा लोकक्षोभाच्या दबावाखाली घेतला गेला, असेच म्हणावे लागते. त्यानंतर घातलेल्या अटी, म्हणजे व्यापाऱ्यांची नोंदणी आणि उष्णतारोधक वाहने, तत्त्वतः योग्य होत्या, कारण त्या थेट थंडाव्याशी संबंधित होत्या. परंतु त्यांचा फटका शेकडो मैलांवरून येणाऱ्या ट्रकांबरोबरच सिंधुदुर्गातील छोट्या विक्रेत्यांनाही बसला. मालवण-वेंगुर्ल्याची मासळी काही तासांत गोव्यात पोहोचते. दोन दिवसांच्या प्रवासाला लावलेला नियम तिलाही लागू झाला, आणि वर्षाअखेरीस सीमेवर अडवलेल्या टेंपोंवरून दोन्ही बाजूंना बराच वाद पेटला.