चार वर्षांचे एकात्मिक बी.एड.: गुण असूनही प्रवेश हुकतो तो कुठे

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये काही मुले आणि त्यांचे पालक हातात स्कोअरकार्ड घेऊन भेटायला येतात. गुण चांगले असतात. विचारणे एवढेच असते, "कॉलेजचा फोन कधी येईल?" तो फोन येणार नसतो, कारण त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरलेला असतो, प्रवेशाचा नाही. हे त्यांना सांगावे लागते तेव्हा फार वाईट वाटते, कारण तोवर बहुतेक वेळा प्रवेशाची मुदत संपलेली असते. शिक्षक व्हायची मनापासून इच्छा असलेली मुले या एका गैरसमजामुळे वर्षभर मागे पडलेली मी पाहिली आहेत. म्हणून अभ्यासक्रमाचे कौतुक बाजूला ठेवून जिथे अर्ज अडकतात तिथेच जास्त थांबतो.

आधी कोणती पदवी, ते पक्के करा. बी.ए.ला शिक्षणशास्त्र हा विषय घेता येतो आणि तो चांगला विषय आहे. पण ती पदवी घेऊन शाळेत शिक्षक होता येत नाही, त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. करावेच लागते. बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि बी.एड. दोन्ही हवे असेल, तर तो एकात्मिक अभ्यासक्रम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, ऑक्टोबर २०२१ मध्ये एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम अधिसूचित केला. त्यालाच सगळे 'आयटेप' म्हणतात. बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. आणि बी.कॉम.-बी.एड. असे त्याचे तीन प्रकार आहेत. जुन्या चार वर्षांच्या बी.ए.-बी.एड. आणि बी.एस्सी.-बी.एड.ची जागा आता हा कार्यक्रम घेतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. असेल असे म्हटले आहे. त्यामुळे गर्दी वाढते आहे, आणि गर्दीबरोबर नाकारलेले अर्जही.

आयटेपचा प्रवेश शाळेच्या टप्प्यानुसार असतो: पायाभूत, पूर्वतयारी, पूर्वमाध्यमिक आणि माध्यमिक. हा रकाना मुले कसाही भरतात. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे असेल तर इथे विशेष जपा. साधे बी.एड. प्राथमिक वर्गांसाठी पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे. कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे हे घरात बसून ठरवा, फॉर्म भरताना सायबर कॅफेत नाही.

पात्रतेचा मुद्दा लहान आहे. बारावी उत्तीर्ण किंवा बारावीला बसलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत जुन्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी बारावीला किमान ५० टक्के गुणांची अट होती आणि बहुतेक ठिकाणी हाच आकडा चालतो. राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. मात्र ४९.८३ म्हणजे ५० नव्हे. "जवळजवळ पन्नासच आहेत की" असे म्हणत फॉर्म भरला, शुल्क भरले, परीक्षाही दिली आणि पडताळणीत बाहेर पडले, असे नका होऊ देऊ. ज्या संस्थेत जायचे तिच्या माहितीपुस्तिकेतली टक्केवारीची ओळ शब्दन् शब्द वाचा. बी.एस्सी.-बी.एड.साठी बारावीला विज्ञान शाखा लागते, हेही आलेच.

आता मुख्य गोष्ट. परीक्षेचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाचा अर्ज वेगळा. आयटेपसाठी देशपातळीवर राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, एनसीईटी ही सामाईक परीक्षा घेते. २०२३ पासून ती होते आहे आणि १३ भाषांत देता येते, त्यात मराठीही आहे. परीक्षेत दोन भाषा, तीन विषय, सामान्य चाचणी आणि अध्यापन अभिरुची असे भाग असतात. एनटीएचे काम निकाल लावण्यापाशी संपते. ती कुणालाही प्रवेश देत नाही. फॉर्ममध्ये संस्थांची नावे निवडली म्हणजे तिथे अर्ज गेला असेही नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठ किंवा संस्था आपल्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी उघडते. कुठे ती जेमतेम आठवडाभर चालते, आणि ती उघडल्याचा निरोप मोबाइलवर येईलच असे नाही. महाराष्ट्र, गोवा, गुजरात यांच्यासह काही राज्यांसाठी असलेल्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी जायचे असेल, तर निकाल लागल्या दिवसापासून तिचे संकेतस्थळ रोज उघडून पाहा.

राज्याच्या प्रक्रियेतही हेच. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, आपला सीईटी सेल, परीक्षा घेतो. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा नोंदणी, पुन्हा कागदपत्रे अपलोड आणि पुन्हा शुल्क असते. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे कॅपचाही भरला, असे समजणारे दर वर्षी भेटतात. म्हणून कॉलेज निवडले की पहिला प्रश्न हा विचारा: इथल्या जागा कोणत्या परीक्षेवरून भरतात, आणि या जागेसाठीचा अर्ज नेमका कुठे करायचा? उत्तर संस्थेच्या कार्यालयाकडून किंवा माहितीपुस्तिकेतून घ्या, मित्राच्या सांगण्यावरून नको. त्याच वेळी एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्या संस्थेला या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का तेही पाहून घ्या. कॉलेज जुने आणि नावाजलेले असू शकते, पण मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, ती त्या त्या अभ्यासक्रमाला असते.

एनसीईटीच्या फॉर्ममधले तीन विषय हा दुसरा सापळा. सोपे वाटतात म्हणून मुले कुठलेही तीन निवडतात. पुढे संस्था विचारते की तुम्हाला भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक व्हायचे आहे, मग चाचणी भूगोलाची का दिली? आधी संस्थेची विषयांची अट वाचायची, मग विषय निवडायचे. उलट्या क्रमाने केलेली निवड दुरुस्ती खिडकी बंद झाल्यावर बदलता येत नाही.

### दाखले आणि त्यांवरच्या तारखा

खरी पडझड इथे होते. जात प्रमाणपत्र बहुतेकांकडे असते. जात वैधता प्रमाणपत्र अनेकांकडे नसते, आणि राज्याच्या प्रक्रियेत राखीव जागेसाठी तेच लागते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. अर्जासोबत कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र, वंशावळीचे शपथपत्र आणि जुने पुरावे द्यावे लागतात. हे पुरावे किती जुने? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, महसुली नोंद, जन्ममृत्यूची नोंद. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, जे कुटुंब आयुष्यभर तांड्याबरोबर किंवा ऊसतोडीला फिरत राहिले, त्यांच्याकडे हा कागद कुठून येणार? ज्यांच्यासाठी आरक्षण आहे त्यांच्याकडूनच सर्वांत अवघड पुरावा मागितला जातो, याची मला चीड येते. पण नियम आहे तो आहे. वडील, काका, आत्या यांच्यापैकी वडिलांकडच्या कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरेच सोपे होते, तेव्हा आधी भाऊबंदांत विचारा. आणि अर्ज अकरावीत असतानाच करा. निकालानंतर केलेला अर्ज प्रवेशापर्यंत निकाली निघेल या भरवशावर बसू नका. काही वर्षी शासन पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन वैधता सादर करायला मुदत देते, पण ती दर वेळी मिळेल असे नाही.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला. तो एक वर्षाचा असो की तीन वर्षांचा, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत फॉर्म भरताना चालू असलेला दाखला जूनमध्ये कॅपच्या पडताळणीला बाद झालेला असतो, आणि विद्यार्थी अर्ज नाकारल्याचा संदेश वाचून म्हणतो, "मी तर दाखला जोडला होता!" जोडला होता हे खरे, पण त्याची मुदत संपली होती. केंद्रीय संस्थांतही हाच घोळ होतो. तिथे इतर मागास वर्गाचा आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेला मागतात. फॉर्म मार्चमध्ये भरलेला असला तरी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात नवा दाखला काढायला टाका. मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळ्याच अभ्यासक्रमांची मुले उभी असतात.

तिसरा घोळ नमुन्याचा. राज्याचा दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. तहसील कार्यालय तेच, माणूस तोच, पण केंद्रासाठीचा नमुना वेगळा असतो आणि अर्ज करताना तसे स्पष्ट मागावे लागते. न मागता खिडकीवरून राज्याचा नमुना हातात पडतो. महाराष्ट्रातल्या दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांनी इथे नीट लक्ष द्यावे. विमुक्त जाती, भटक्या जमाती हे स्वतंत्र प्रवर्ग राज्याचे आहेत. केंद्रीय संस्थेच्या फॉर्ममध्ये तो पर्याय नसतो, आपली जात केंद्राच्या इतर मागास यादीत आहे का ते पाहून त्यात अर्ज करायचा. आणि राज्यात एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा, लाभ घेणाऱ्या मराठा विद्यार्थ्याला केंद्रीय संस्थेत त्या दाखल्याचा उपयोग नाही. अटींत बसत असेल तर तिथे त्याने आर्थिक दुर्बल घटकातून केंद्राच्या नमुन्यातला दाखला घ्यावा.

नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बल घटक या दोन दाखल्यांत उत्पन्न मोजण्याची रीतही एक नाही. दोन्हीकडे ८ लाखांचा आकडा दिसतो, म्हणून लोक फसतात. नॉन-क्रिमीलेअरच्या उत्पन्न चाचणीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकासाठी पगार, शेती, व्यवसाय सगळे धरतात. शिवाय केंद्राच्या नियमात कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेती असेल, अथवा १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल, तर दाखलाच मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरांत काय पिकते हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते, पण त्याच्याही हातात काही नसते.

### नावातली एक वेलांटी

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे फक्त आद्याक्षर. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच फॉर्मवर लिहा आणि आधार, जात प्रमाणपत्र, अधिवास यांत फरक असेल तर बारावीच्या सुट्टीची वाट न पाहता दुरुस्त करून घ्या. जातीच्या दाखल्यावर 'गणपत' आणि शाळेच्या दाखल्यावर 'गणपतराव' एवढ्यावरून फाइल परत आलेली मी पाहिली आहे. लग्न झालेल्या मुलींनी नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. एकात्मिक बी.एड.चे प्रवेश उशिरा होतात, म्हणून मुले जूनमध्ये साध्या बी.ए.ला किंवा बी.एस्सी.ला नाव घालून ठेवतात. तसे करण्यात गैर काही नाही. पण तो दाखला त्या कॉलेजात जमा होतो आणि ऐन वेळी परत मिळताना टाळाटाळ होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि या अधिसूचनेचा उल्लेख करा. नम्रपणे बोला, पण पोच घेतल्याशिवाय परतू नका.

बाकीचे कागद नेहमीचे आहेत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, आधार, छायाचित्र, दुसऱ्या बोर्डाचे असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे घोषणापत्र. जात, उत्पन्न, अधिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी मुद्रांकाचे पैसे मागितले तर देऊ नका.

कॅपमध्ये शेवटचा निसटता क्षण म्हणजे तात्पुरती गुणवत्ता यादी. ती लागते तेव्हा मुले फक्त आपला क्रमांक पाहतात. क्रमांकाशेजारचा प्रवर्ग पाहा. कागद बाद झालेला असेल तर तिथे 'खुला' असे दिसते, आणि हरकत नोंदवायला थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत नवा दाखला अपलोड केला तर प्रवर्ग परत मिळू शकतो. अंतिम यादी लागली की ती वाट बंद होते. जागा मिळाल्यावरही दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन हजेरी नोंदवायची आणि शुल्क भरायचे. मुदतीची वेळही पाहा: तारीख शेवटची असली तरी कार्यालय संध्याकाळी बंद होते आणि बँकेची पावती दुसऱ्या दिवशी दिसली तर ती धरत नाहीत. अर्जाचा लॉगिन आणि पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका, आणि फॉर्मवर स्वतःचा किंवा घरातल्याच कुणाचा मोबाइल क्रमांक द्या. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, चार महिन्यांनी सुद्धा.