लिनक्समधील नेटवर्क स्टोरेज ड्रायव्हरचे संदेश

नेटवर्कपलीकडची साठवण स्थानिक डिस्क किंवा स्थानिक फाइलव्यवस्था असल्याप्रमाणे वापरता यावी म्हणून लिनक्स कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) जे ड्रायव्हर असतात, त्यांनी कर्नलच्या लॉगमध्ये लिहिलेल्या ओळी. एनएफएस व सिफ्स हे फाइल पातळीवरचे (अख्ख्या फाइलींचा व्यवहार करणारे), तर आयस्कझी, फायबर चॅनेल, एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स आणि सेफ या साठवण प्रणालीचा आरबीडी हे ब्लॉक पातळीवरचे (डिस्कच्या तुकड्यांचा व्यवहार करणारे) प्रमुख ड्रायव्हर होत. उदाहरणार्थ, आयस्कझीत वाचनाची वा लेखनाची विनंती फाइलव्यवस्था, ब्लॉक थर, स्कझीचा (डिस्कसारख्या उपकरणांना आज्ञा देण्याच्या पद्धतीचा) मधला थर, ट्रान्सपोर्ट, टीसीपी आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर अशा थरांतून खाली उतरते आणि प्रत्येक थर आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवतो. एक केबल निघाली तरी लॉगमध्ये शेकडो ओळी जमतात त्या यामुळे. ओळ वाचताना ती कोणत्या थराने लिहिली हे आधी ओळखावे लागते. त्या थराला काय जाणवले एवढेच ती सांगते; बिघाड त्याच थरात आहे असे त्यावरून ठरत नाही.

लॉगची यंत्रणा : कर्नलमधील प्रिंटके हे फंक्शन ओळी एका वर्तुळाकार बफरमध्ये टाकते. बफर भरला की सर्वांत जुन्या ओळी पुसल्या जातात. डीमेसेज हा आदेश हाच बफर दाखवतो. सिस्टिमडी (सेवा सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या संगणकांवर तिची जर्नलडी ही लॉगसेवा त्या ओळी उचलते व तशी सोय चालू असल्यास डिस्कवर ठेवते. संगणकाची मूळ फाइलव्यवस्थाच नेटवर्कवर असेल, तर संपर्क तुटण्याच्या क्षणीच्या ओळी डिस्कपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा ठिकाणी ओळी थेट दुसऱ्या संगणकाकडे पाठवणारा सिरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल लावतात.

प्रत्येक ओळीला ० (आणीबाणी) ते ७ (डीबग) अशी गांभीर्याची पातळी असते. ही उतरंड एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमच्या जोडीने तयार केलेल्या सिसलॉग या लॉगयंत्रणेतून आली, असे सामान्यतः मानले जाते. सिसलॉगची प्रचलित पद्धत आरएफसी (इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवज) ३१६४ मध्ये २००१ साली वर्णिली गेली आणि प्रमाणित स्वरूप आरएफसी ५४२४ मध्ये २००९ साली आले. लिनक्सने ही उतरंड घेतली तेव्हा ती केवळ रूढी होती. कोणती ओळ कोणत्या पातळीवर टाकायची हे ज्या त्या ड्रायव्हरच्या लेखकाने ठरवले आणि नेटवर्क साठवणीच्या बाबतीत तो निवाडा बऱ्याचदा फसवा निघतो. एनएफएस सर्व्हर उत्तर देत नसल्याची ओळ पातळी ५ वर, तर आयस्कझीचा दुवा तुटल्याची ओळ त्याहूनही खाली, पातळी ६ वर, निव्वळ माहिती म्हणून येते. केवळ पातळी ३ व त्याहून गंभीर ओळी गाळून पाहणाऱ्याला परिणाम दिसतात, कारण दिसत नाही.

ओळीच्या आरंभी चौकटी कंसात संगणक सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. डीमेसेजला ‘-टी’ (मोठ्या लिपीतला T) हा पर्याय दिल्यास त्यांचे रूपांतर घड्याळी वेळेत होते. मात्र संगणक मध्यंतरी निद्रावस्थेत जाऊन आला असेल तर ही वेळ चुकते. सर्व्हरच्या लॉगशी ताळा घालताना जर्नलमधील वेळ अधिक भरवशाची.

एनएफएस : सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास आणलेला हा प्रोटोकॉल या गटातील जुन्यांपैकी एक. ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’ ही त्याची सर्वपरिचित ओळ. लिनक्समध्ये ती एनएफएसच्या नव्हे, तर त्याखालच्या सनआरपीसी (दूरच्या संगणकाला विनंत्या पाठवणाऱ्या) थरात छापली जाते. म्हणून आरंभी कधी ‘एनएफएस’ तर कधी ‘लॉकडी’ असे नाव दिसते. दुसऱ्या प्रसंगी फाइलसेवा नीट चालू असून फाइलींना कुलूप लावणारी सेवाच अडलेली असू शकते. टीसीपीवर ठरावीक मुदत ६० सेकंदांची असते व दोन पुनर्प्रयत्नांनंतर ही ओळ येते. ‘टायमिओ’ हा पर्याय सेकंदाच्या दशांशात मोजला जातो, त्यामुळे तेथे ६०० दिसते. ओळ उमटेपर्यंत काही मिनिटे उलटलेली असतात आणि बिघाडाची खरी वेळ तितकी मागे शोधावी लागते.

‘स्टिल ट्रायिंग’ हे हार्ड माउंटचे (माउंट म्हणजे दूरची फाइलव्यवस्था आपल्या संगणकाला जोडणे) लक्षण होय. क्लायंट अनिश्चित काळ प्रयत्न करीत राहतो आणि सर्व्हर परतला की ‘ओके’ अशी ओळ येते. सॉफ्ट माउंटमध्ये तिच्या जागी ‘टाइम्ड आउट’ येते व प्रोग्रॅमला चूक परत मिळते. लिहिण्यासाठी वापरात असलेल्या माउंटवर सॉफ्ट टाळावे, असा एनएफएसच्या मॅन पानाचाही (लिनक्समधील माहितीपानाचाही) कल आहे, कारण त्यात विदा नकळत बिघडू शकते. ‘स्टेल फाइल हँडल’ (चूक क्रमांक ११६) मात्र संपर्काची तक्रारच नव्हे. सर्व्हरने उत्तर दिले आहे. क्लायंट ज्या फाइलचा हवाला देतो ती तेथे उरलेली नाही किंवा एक्सपोर्ट (सर्व्हरने वापरायला खुला केलेला भाग) बदलला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आयस्कझी : स्कझी आज्ञा टीसीपीवरून नेण्याच्या या प्रोटोकॉलचे श्रेय काही लेखनात आयबीएमला, तर काहींत सिस्कोला दिले जाते. दोन्ही कंपन्यांचा आरंभीच्या मसुद्यांत सहभाग होता, त्यामुळे संयुक्त श्रेय अधिक ग्राह्य वाटते. प्रमाणित रूप आरएफसी ३७२० म्हणून २००४ मध्ये आणि सुधारित रूप आरएफसी ७१४३ म्हणून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लिनक्सवर आरंभी लिनक्स-आयस्कझी आणि ओपन-आयस्कझी असे दोन प्रकल्प होते. २००५ च्या सुमारास ते एकत्र आले. आज दिसणाऱ्या ओळी ओपन-आयस्कझीच्या.

‘कनेक्शन१:०: डिटेक्टेड कॉन एरर (१०११)’ यातील कंसातला आकडा आरएफसीमध्ये शोधून सापडत नाही. तो कर्नलच्या स्वतःच्या यादीतला असून १००० हा तिचा पाया आहे. १०११ म्हणजे दुवा निकामी, १०१४ व १०१५ म्हणजे अनुक्रमे शीर्षाच्या व विदेच्या तपासणी बेरजेतील विसंगती, १०२० म्हणजे टीसीपी दुवा बंद झाला, १०२२ म्हणजे पिंगला (दुवा जिवंत आहे का या विचारणेला) मुदतीत उत्तर नाही. हे वर्गीकरण एकदम सिद्ध झालेले नाही. जुन्या कर्नलमध्ये पिंगची मुदत संपली तरी, किंवा समोरच्याने दुवा बंद केला तरी, १०११ हाच आकडा येई. पुढे या दोन प्रकारांना स्वतंत्र आकडे मिळाले. त्यामुळे जुन्या यंत्रणेवरील १०११ वरून कारणाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. वापरकर्ता पातळीवरची आयस्कझीडी ही सेवा काही काळ मागेच राहिली होती. कर्नलने पाठवलेल्या १०२२ पुढे ती ‘इनव्हॅलिड ऑर अननोन एरर कोड’ असे छापत असे आणि वाचणाऱ्याला काहीतरी अघटित घडल्याचा भास होई.

पिंगच्या ओळीत ‘लास्ट आरएक्स’, ‘लास्ट पिंग’ व ‘नाऊ’ असे तीन मोठे आकडे येतात. ते सेकंद नसून जिफी, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे ठोके असतात. ६४-बिट संगणकावर ते ४२९ कोटींच्या वरच दिसतात, कारण ३२-बिट मोजणी उलटण्याच्या चुका लवकर उघड व्हाव्यात म्हणून कर्नल हा आकडा मुद्दाम २ च्या ३२ व्या घाताच्या ३०० सेकंद आधीपासून सुरू करतो. सेकंदाला १,००० ठोके असतील तर तो आरंभ ४२९४६६७२९६ येतो, २५० असतील तर ४२९४८९२२९६. प्रत्यक्ष उपयोग फरकाचा. ‘लास्ट आरएक्स’ आणि ‘लास्ट पिंग’ यांत ५,००० ठोके (१,००० च्या घड्याळावर ५ सेकंद) आणि तेथून ‘नाऊ’पर्यंत पुन्हा ५,००० असतील, तर ५-५ सेकंदांच्या मूळ मुदती नेमक्या पाळल्या गेल्या. फरक त्याहून बराच मोठा असेल तर संशय नेटवर्कइतकाच क्लायंटच्या स्वतःच्या अडखळण्यावर घ्यावा. आभासी यंत्र मध्येच थांबले असेल तर असे घडू शकते.

दुवा तुटल्यावर १२० सेकंद वाट पाहिली जाते व नंतर ‘सेशन रिकव्हरी टाइम्ड आउट आफ्टर १२० सेक्स’ ही ओळ येते. तोवर विनंत्या अडकून असतात, बाद झालेल्या नसतात. ही मुदत किती असावी याविषयी दोन मते आहेत. मल्टिपाथ (एकाच साठवणीकडे जाणारे अनेक मार्ग) असेल तर ती थोडी ठेवावी, म्हणजे दुसरा मार्ग लवकर धरता येतो. मूळ फाइलव्यवस्थाच आयस्कझीवर असेल तर ८६,४०० सेकंदांपर्यंत वाढवावी. ओपन-आयस्कझीच्या दस्तऐवजात दोन्ही सल्ले आहेत आणि परिस्थिती वेगळी असल्याने त्यांत विरोध नाही.

स्कझीचा मधला थर : येथील ओळींत ‘होस्टबाइट’ (आज्ञेच्या वाहतुकीचे काय झाले ते सांगणारी खूण) पाहावा. ‘डीआयडी_नो_कनेक्ट’, ‘डीआयडी_ट्रान्सपोर्ट_डिसरप्टेड’, ‘डीआयडी_ट्रान्सपोर्ट_फेलफास्ट’ या खुणा वाहतुकीतला दोष दाखवतात. याउलट ‘सेन्स की’ (उपकरणाने स्वतः कळवलेले चुकीचे कारण) छापली असेल, तर आज्ञा समोरच्या उपकरणापर्यंत पोहोचली आणि त्याने उत्तर दिले. ‘मीडियम एरर’ (साठवणमाध्यमातला दोष) आला की नेटवर्क तपासत बसणे व्यर्थ. ‘युनिट अटेन्शन’ (उपकरणाची स्थिती बदलल्याची सूचना) बहुधा निरुपद्रवी असते, पुन्हा जोडणी झाल्यावर ते येणारच. फायबर चॅनेलमध्ये (एलपीएफसी, क्यूएलए२एक्सएक्सएक्स हे ड्रायव्हर) आयस्कझीच्या मुदतीची जागा ‘डेव्ह_लॉस_टीएमओ’ घेते आणि ती संपली की ‘ब्लॉक्ड एफसी रिमोट पोर्ट टाइम आउट’ अशी ओळ येते. मल्टिपाथची ‘फेलिंग पाथ ८:१६’ ही ओळ उपकरणाचे मुख्य व गौण क्रमांक देते; ८:१६ म्हणजे एसडीबी.

अडकलेल्या प्रक्रिया : ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ ही ओळ साठवण ड्रायव्हरची नाही, तरी साठवण अडली की हमखास शोधली जाते. तिच्यातील १२० चा आयस्कझीच्या १२० शी संबंध नाही. दोन्ही मूळ मूल्ये योगायोगाने सारखी आहेत आणि त्यामुळे गोंधळ होतो. तपासणी ठरावीक अंतराने होत असल्याने ही ओळ अडकल्यापासून १२० ते २४० सेकंदांत केव्हाही येऊ शकते, आणि मूळ मूल्य न बदलल्यास १० वेळा छापून झाल्यावर थांबते. तिच्याखाली नाव येते ते वाट पाहणाऱ्याचे, अडवणाऱ्याचे नव्हे. एनएफएसवर ताटकळणाऱ्या अनेक प्रक्रिया मारता येण्याजोग्या अवस्थेत असतात व ही तपासणी त्यांना जाणूनबुजून वगळते. तेव्हा ओळ नाही म्हणून सर्व आलबेल आहे असे होत नाही.

एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स : विनिर्देश २०१६ चा, लिनक्समध्ये कर्नल ४.८ पासून आरडीएमएवर (दूरच्या संगणकाच्या स्मृतीत थेट वाचन-लेखन) आणि ५.० पासून टीसीपीवर. कीप-अलाइव्ह (दुवा जिवंत असल्याची नियमित विचारणा) अयशस्वी झाल्यावर ‘रीकनेक्टिंग इन १० सेकंद्स’ ही ओळ पुनःपुन्हा येते आणि एकूण ६०० सेकंदांनंतर कंट्रोलर काढून टाकला जातो. दोन्ही मूळ मूल्ये असून जोडणी करताना बदलता येतात.

इतर : सर्व्हर गप्प राहिला तर सिफ्स ड्रायव्हर किती सेकंद उत्तर नाही ते सांगून ‘रीकनेक्टिंग’ म्हणतो, अलीकडच्या कर्नलमध्ये हा आकडा सहसा १८० असतो. सेफच्या ओळी ‘लिबसेफ’ या नावाने येतात व त्यांत ओएसडी (विदा साठवणारी सेवा) वा मॉनिटर (सेफवर देखरेख ठेवणारी सेवा) यांचा क्रमांक असतो.