भिंतीचे सात फोटो

सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) घरी आणला आणि अंगणात काढलेले पहिलेच फोटो पांढरेफटक पडले. सेन्सर गेला, पैसे बुडाले, असंच मला वाटलं. पण सेन्सर बिघडून सगळा फोटो एकसारखा उजळ येणं फार क्वचित घडतं. दोष बहुधा दुसरीकडे असतो आणि तो कुठे आहे, हे घरच्या भिंतीसमोर अर्ध्या तासात शोधता येतं.

आधी जुन्या मालकाच्या सवयी पुसून टाकायच्या. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) त्याने +१ वर ठेवलं असेल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बंद-चालू करूनही तसंच राहतं. मीटरिंग (प्रकाश मोजायची पद्धत) ‘स्पॉट’वर असेल, तर कॅमेरा चौकटीतला एक लहानसा ठिपकाच मोजतो. तो ठिपका काळ्याभोर केसांवर पडला की चेहरा पांढराफटक पडलाच. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे, असं तो धरून चालतो. म्हणून चुन्याची भिंतही करडी येते आणि काळी म्हैसही करडीच. संपूर्ण चौकट पाहणारी नवी मीटरं जरा सावरून घेतात, पण हा स्वभाव सुटत नाही. त्याला बिघाड समजू नका.

आता भिंत. ती सावलीतली, एकाच रंगाची हवी. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद, आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १००. माझी लेन्स ५० मिमीची होती. पहिला फोटो एफ/२ आणि १/१००० सेकंद. (एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो वाढला की छिद्र लहान; सेकंद म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ.) मग एफ/२.८ ला १/५००, एफ/४ ला १/२५०, आणि असं करत एफ/१६ ला १/१५. दर पायरीला छिद्रातून येणारा प्रकाश निम्मा होतो आणि वेळ दुप्पट, त्यामुळे सातही फोटोंचा मधला भाग सारखाच उजळ यायला हवा. (कडा पहिल्या एक-दोन फोटोंत थोड्या काळवंडतात, तो लेन्सचा गुण आहे.)

माझे पहिले तीन फोटो ठीक आले. एफ/५.६ पासून उजेड वाढत गेला आणि सातव्यात भिंत उरलीच नाही, नुसता पांढरा कागद.

याचं कारण मला आजही फार सुंदर वाटतं. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना लेन्सचं छिद्र कायम पूर्ण उघडं असतं, म्हणजे आपल्याला स्पष्ट दिसावं. मीटरही त्याच उघड्या छिद्रातून प्रकाश मोजतो आणि एफ/१६ ला किती मिळेल याचा हिशोब करतो. छिद्र लहान करणाऱ्या पात्या प्रत्यक्षात मिटतात त्या बटण दाबल्यावर, आरसा वर जाताना, डोळ्याची पापणी लवायच्या आत. ५० मिमी लेन्सचं छिद्र एफ/२ ला २५ मिमी असतं, एफ/१६ ला जेमतेम ३ मिमी. तेवढ्यात त्यांना तिथवर पोहोचायचं असतं. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस उन्हातल्या गाडीत पातळ होऊन पात्यांवर पसरलं, की त्या एकमेकींना चिकटतात आणि उशिरा पोहोचतात. एफ/१६ ऐवजी एफ/४ वरच अडकल्या, तर प्रकाश सोळापट! कॅमेऱ्याला याचा पत्ताही नसतो, त्याने हिशोब बरोबरच केलेला असतो.

लेन्सच्या मागे पात्या हलवणारी यांत्रिक खिट्टी असेल तर लेन्स काढून ती बोटाने हलकेच सरकवून सोडा. पात्या चटकन जागेवर यायला हव्यात. रेंगाळल्या किंवा त्यांवर तेलकट चमक दिसली, तर निदान झालं. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये ही खिट्टी नसते, छिद्र विजेवर चालतं. तिथे पात्या अडकल्या की बहुधा स्क्रीनवर एरर येतो. कुठलाही स्प्रे मारू नका, लेन्स उघडून साफ करणाऱ्या कारागिराकडे द्या. तोवर ती पूर्ण उघडी ठेवून वापरा, फोटो उत्तम येतात.

सातही फोटो सारखे आले, तर १/४००० ला आणखी एक काढा. इतक्या वेगात शटरचे दोन पडदे मिळून एक अरुंद फट सेन्सरवरून सरकवतात. पडदे झिजले असतील तर फोटोची एक बाजू गडद येते. हे दुरुस्तीचं मोठं काम आहे, जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने परवडेलच असं नाही.

शटरही ठीक असेल, तर राहिला मीटर. त्यासाठी निरभ्र दुपारी उन्हात एफ/१६, आयएसओ १००, १/१२५ वर फोटो काढा. हा नीट आला आणि ऑटोवरचा आला नाही, तर मीटरवर संशय घ्यायचा. पण ट्रायपॉडवर आयपीसमधून (डोळा लावायच्या काचेतून) मागचं ऊन आत शिरूनही मीटर फसतो, म्हणून आयपीस हाताने झाकून एकदा पाहा.

आणि घरात ट्यूबलाइटखाली एक फोटो उजळ, पुढचा काळपट, असं होत असेल तर थांबा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५०० चा फोटो त्यातला एखादाच क्षण पकडतो. शटर १/५० वर आणून पाच-सहा फोटो काढा. ते सारखे आले, तर कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही.